फाईल गेली कुठे?

दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने एक मुलगी आणि तिचे वडील अमरावतीला आले. वडील मजुरी करतात. त्या दिवसाचा रोज बुडवून आले होते. मुलीने बारावीनंतर प्रवेश घेतला होता आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, सगळे गावाजवळच्या एका केंद्रात स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये घेतले होते. मूळ कागद एस.टी.च्या गर्दीत हरवतील म्हणून वडिलांनी ते मुद्दाम घरीच पेटीत ठेवले होते.

आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात आम्ही तो पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर ‘कागदपत्रे’ नावाचे एकच चिन्ह आले. उघडायला गेलो तर उघडेना. आकार पाहिला तर जेमतेम दोन केबी. चार कागद स्कॅन केलेले, आणि वजन एका कागदाचेही नाही!

वडील मुलीकडे पाहून म्हणाले, “काल त तुनं सांगतलं होतं ना, सारं घेतलं म्हणून.”

“घेतलं होतं ना बाबा. माह्या डोयानं पाह्यलं. उघडून पाह्यलं.”

पोरगी खोटे बोलत नव्हती. तिने खरेच उघडून पाहिले होते आणि चारही कागद तिला दिसलेही होते. तरीही पेनड्राइव्ह रिकामा होता. असे कसे होते, ते नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख. आमच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीन माणसे तरी असाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेक जण बोलण्याआधीच “माझीच चूक झाली असेल” असे म्हणतात.

त्या केंद्रातल्या संगणकावर मूळ फोल्डर आत कुठेतरी होता आणि समोरच्या पडद्यावर त्याचा शॉर्टकट ठेवलेला होता. शॉर्टकट म्हणजे वस्तूचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मुलीने त्या चिन्हावर बोट ठेवले, कॉपी केले, पेनड्राइव्हमध्ये टाकले. गेली ती चिठ्ठी. घर गावातच राहिले. तिथल्या तिथे उघडून पाहिले तेव्हा चिठ्ठीवरचा पत्ता त्याच संगणकातला असल्यामुळे कागद दिसले. अमरावतीच्या संगणकात तो पत्ताच नाही, मग काय दिसणार? शॉर्टकट ओळखण्याची खूण एवढीच, की चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. एवढा बारीक, की चष्मा नसलेल्या माणसाला दिसूच नये. ज्यांनी हे बनवले त्यांनी कॉपी करताना साधा एक प्रश्न विचारायला हवा होता, की बाई, तुम्ही फक्त पत्ता नेत आहात, वस्तू न्यायची आहे का? तो प्रश्न इतक्या वर्षांत कोणी घातला नाही. म्हणून आपणच दोन गोष्टी पाहाव्यात: बाण आहे का, आणि आकार किती आहे. स्कॅन केलेला एक कागद सहसा शंभर केबीच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. एक-दोन केबी दिसले की तिथेच थांबावे.

संगणकाच्या अशा पुष्कळ खोडी कोण्या माणसाने कधीकाळी घेतलेल्या निर्णयातून आल्या आहेत. दुकानात मुले हमखास विचारतात, “काका, सी ड्राइव्ह आहे, डी आहे, मग ए आणि बी कुठी गेले?” ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्यात आतली डिस्क नव्हती. फ्लॉपीचे एक किंवा दोन खण असत, त्यांना ए आणि बी म्हणत. १९८३ साली पुढचे मॉडेल आले, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. तिला तिसरे अक्षर मिळाले. फ्लॉपी केव्हाच गेली, पण तिच्या खुर्च्या अजून रिकाम्या ठेवलेल्या आहेत. पेनड्राइव्हला मात्र कायमची खुर्ची नाही. जे अक्षर मोकळे असेल ते मिळते. घरी ई, सायबर कॅफेत एफ, कॉलेजात जी. म्हणून ‘ई ड्राइव्हमध्ये ठेवले होते’ एवढे सांगून भागत नाही.

आता नावाची गोष्ट. एक म्हातारे शेतकरी सातबाऱ्याचा उतारा काढून घ्यायला आले. आमच्याकडच्या नव्या पोराने तो संगणकात जतन करताना नाव टाइप केले, ७/१२. संगणकाने नाव घेतले नाही. पोराने तीनदा करून पाहिले. ज्या कागदावर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे सगळे अवलंबून, त्या कागदाचे नाव संगणकाला चालत नाही! कारण ती मधली तिरपी रेघ. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरपी रेघ, उलटी तिरपी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबे, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि लहान-मोठेपणाच्या दोन खुणा, अशी नऊ चिन्हे चालत नाहीत. दोन टिंबे ड्राइव्हच्या अक्षरापुढे लागतात म्हणून वर्ज्य. तिरप्या रेघा एका फोल्डरातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता दाखवतात म्हणून वर्ज्य.

आणि दोन्हीकडे झुकणाऱ्या रेघा का अडवल्या? १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरची सोय आली. युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीत रस्ता दाखवायला सरळ तिरपी रेघ वापरत. पण डॉसच्या पहिल्या आवृत्तीत ती रेघ आज्ञेपुढे सूचना लिहिण्यासाठी आधीच खर्ची पडली होती. म्हणून रस्त्यासाठी उलटी रेघ घेतली, आणि नावात दोन्ही बंद. म्हणून ‘७-१२’ लिहावे किंवा सरळ ‘सातबारा’ लिहावे. ‘गट क्रमांक १२/३’, ‘१४/४’ असली नावेही चालत नाहीत. फोनमध्येही नावात सरळ तिरपी रेघ टाकता येत नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाची तक्रार याहून मजेशीर होती. त्याने संविधानाच्या टिपणांसाठी फोल्डर केला आणि कॉन्स्टिट्यूशन या शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे, सी-ओ-एन, एवढेच नाव दिले. संगणक म्हणाला, हे नाव अवैध आहे. त्याला वाटले व्हायरस आला. व्हायरस नव्हता. डॉसच्या सुरुवातीला फोल्डरच नव्हते, तेव्हा कीबोर्ड-पडदा, प्रिंटर अशा उपकरणांनाही फाईलसारखीच नावे दिली होती. कीबोर्ड आणि पडदा मिळून सी-ओ-एन, प्रिंटरला पी-आर-एन, आणखी एकाला ए-यू-एक्स. चाळीस वर्षे उलटली तरी विंडोजमध्ये त्या तीन अक्षरांचा फोल्डर आजही बनत नाही. मी त्याला म्हटले, “मराठीत लिही ना राजा.” त्याने ‘संविधान’ लिहिले. लगेच घेतले.

मराठीत नाव देता येते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. पण तिथेही हिशेब आपल्या बाजूचा नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मोजतो. संगणक मात्र वेलांटी, काना, हलन्त सगळे सुटे धरून तो दहा अक्षरांचा मोजतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरांचे नाव चालेल, मराठीत ८५ खुणांपर्यंतच. विंडोजमध्ये नावाला अशी बाइटची अडचण नाही, पण फोल्डरात फोल्डर करत गेले की संपूर्ण पत्ता २६० खुणांच्या पुढे गेल्यावर कॉपी अडते. नावे मराठीतच द्यावीत, पण आटोपशीर द्यावीत.

जुन्या मराठी फाइलींचे दुखणे वेगळे. युनिकोड १९९१ साली आले आणि त्यात देवनागरी होती, पण आपल्याकडच्या दुकानांत त्यानंतरही कितीतरी वर्षे श्रीलिपी, कृतिदेव आणि पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट चालले. त्या फाईलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. आत इंग्रजी अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो आणि लग्नपत्रिकेचा, मंडळाच्या जमाखर्चाचा नुसता कचरा दिसतो. फाईल बिघडलेली नसते, तेव्हा ती पुसू नका. फॉन्ट बदलणारी साधने मोफत मिळतात.

आता धोक्याची गोष्ट. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तिची जात लिहिलेली असते. फोटो असेल तर जेपीजी, कागद असेल तर पीडीएफ, चालणारा प्रोग्राम असेल तर ईएक्सई. १९९५ सालच्या विंडोजपासून ही शेपटी लपवून ठेवण्याची पद्धत पडली. म्हणे लोकांचा गोंधळ होतो. गोंधळ कोणाचा टळला माहीत नाही, भामट्यांची सोय मात्र झाली. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला, त्यात या लपवाछपवीचा हात होता. पत्राच्या नावाने आलेली फाईल साधा मजकूर वाटे, खरी शेपटी मागे झाकलेली असे. आजही ‘निकाल डॉट पीडीएफ’ असे दिसणाऱ्या फाईलची खरी शेपटी ईएक्सई असू शकते. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेंशन्स’ चालू करावे. हे दहा सेकंदांचे काम आहे. तिथेच ‘हिडन आयटम्स’ही आहे. पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर अचानक बाणवाले शॉर्टकट झालेले दिसले, तर व्हायरसने खरे फोल्डर लपवून त्या जागी शॉर्टकट ठेवलेले असू शकतात. अशा वेळी शॉर्टकटवर क्लिक करू नये, हिडन आयटम्स चालू करून पाहावे. बहुतेक वेळा खरे फोल्डर फिके दिसत तिथेच असतात.

सगळ्यात जास्त रडारड होते ती पुसलेल्या फोटोंवरून. एका बाईंच्या सासूचा एकुलता एक फोटो पेनड्राइव्हमध्ये होता. नातवाने जागा करायला म्हणून पुसला. बाईंनी रिसायकल बिन उघडून पाहिली, तिथे नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल त्या टोपलीत जातच नाही. संगणक तेव्हा ‘कायमचे पुसायचे का’ असे विचारतो खरा, पण तो इतक्या गोष्टी इतक्या वेळा विचारत असतो, की माणूस न वाचता होय म्हणतो. संगणक तेव्हा ‘कायमचे’ म्हणतो, पण तेही पूर्ण खरे नाही. पुसल्यावर आतला मजकूर लगेच जात नाही. हजेरीपटावरून नाव खोडावे आणि माणूस वर्गातच बसलेला असावा, तसे होते. दुसरे कोणी त्या जागेवर येऊन बसेपर्यंत तो तिथेच असतो. म्हणून चुकून पुसले गेले तर पहिले काम, पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवणे. त्यात एकही नवी फाईल, एकही गाणे टाकू नये. मग फोटोरेक किंवा रेकुवा यांसारख्या मोफत प्रोग्रामने शोधावे, आणि सापडलेले दुसऱ्या डिस्कवर ठेवावे. आमच्या बाईंनी त्याच संध्याकाळी आणून दिला म्हणून सासू परत आल्या. नवीन संगणकांतल्या एसएसडी डिस्कवर मात्र ही आशा कमी. ती डिस्क पुसलेली जागा स्वतःच लवकर साफ करते.

तसाच एक संदेश येतो, की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. लोक घाबरून होय म्हणतात. नाही म्हणावे! आतला हजेरीपट फाटला आहे एवढाच त्याचा अर्थ अनेकदा असतो. मुले वर्गातच असतात. २००७ च्या आसपास आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केले तर सगळी जागा शून्यांनी भरली जाते, मग काही हाती लागत नाही. आणि हा पट फाटतो कशाने? बहुधा लिहिणे चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढल्याने. पडद्यावर ‘झाले’ दिसले तरी काही वेळा थोडे लिखाण मागे चालू असते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून लगेच लिहून टाकण्याची पद्धत ठेवली, त्यामुळे धोका कमी झाला. तरीपण दुकानांत, शाळांत जुने संगणक आहेत. ‘इजेक्ट’ करूनच काढावा.

मूर्तिजापूर स्टेशन ज्यांनी पाहिले त्यांना पुढची गोष्ट लवकर कळेल. मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाईनवरून उतरायचे आणि अचलपूर-यवतमाळकडे जाणाऱ्या अरुंद रुळावरच्या शकुंतलेत बसायचे. शकुंतला धावत होती तोवर हे चालले. प्रवासी तोच, सामान तेच, पण रूळ वेगळे, म्हणून एक गाडी दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नाही. डिस्कचेही रूळ असतात. फॅट-३२ हा जुना रूळ, जवळपास सगळीकडे चालतो, पण ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर बसत नाही. लग्नाचा अखंड व्हिडिओ टाकायला गेले की पेनड्राइव्हमध्ये वीस जीबी मोकळे असूनही ‘फाईल फार मोठी’ असे उत्तर येते. एनटीएफएस हा विंडोजचा रूळ. त्यावर मोठी फाईल बसते, पण काही टीव्ही आणि गाण्याच्या पेट्या तो वाचत नाहीत, आणि अ‍ॅपलच्या संगणकावर त्यातले वाचता येते, लिहिता येत नाही. एक्स-फॅट हा २००६ साली आलेला मधला मार्ग. नवी साधने बहुतेक तो घेतात. टीव्हीत पेनड्राइव्ह चालला नाही तर दुकानदाराशी भांडण्याआधी रूळ पाहावा.

भांडण होते ते जागेवरूनही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह संगणक २९.८ दाखवतो, एक टीबीची डिस्क ९३१ जीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. दुकानदाराने लुबाडलेले नसते. मात्र दोन-तीनशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह कोणी देत असेल, तर ती निखालस फसवणूक. आत जागा असते थोडी, आकडा दाखवतो मोठा, आणि जागा भरली की फाइलींची वाट लागते.

१४ एप्रिलला दरवर्षी वस्तीतली पोरे आणखी एक तक्रार आणतात. गाणी १ ते ४० अशा क्रमाने टाकली, पण पेटी १ नंतर १० वाजवते, मग ११, आणि २ नंबरचे गाणे अकरा गाण्यांनंतर. संगणक आता आकड्यांचा क्रम ओळखतो. साधी पेटी अक्षरांनी लावते, आणि काही पेट्या तर ज्या क्रमाने गाणी कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून नावे ०१, ०२ अशी द्यावीत आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर एकाच वेळी क्रमाने टाकावीत.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते राहिलेच. केंद्राला फोन लावला तर तिकडे वीज गेलेली. वडील म्हणाले, “मी जातो अन् कागद घेऊन येतो,” पण जाऊन-येऊन संध्याकाळ झाली असती आणि परतीची एस.टी. वेळेवर लागेलच असे नाही. शेवटी घरी आईला फोन केला. शेजारच्या मुलाने पेटीतले कागद अंगणात चटईवर मांडले आणि उन्हाची सावली पडू न देता फोनने एकेकाचा फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि शिक्क्यावरची अक्षरे पुसट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले. ते मुलीच्या फोनवर आले. केबलने फोन संगणकाला जोडला तर नुसता चार्ज होऊ लागला. फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडल्यावरच तो आतले दाखवतो. आलेले कागद फोनच्या डाउनलोडमध्ये नव्हतेच. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरात, चार पायऱ्या आत सापडले. मग कडा कापल्या, अर्जाला हव्या तेवढ्या केबीत बसवले. जातीच्या दाखल्याचा क्रमांक वाचता येत नव्हता, तो एक फोटो पुन्हा काढून मागवला.

रात्री साडेनऊला अर्ज गेला. पोचपावती छापली. शेवटची एस.टी. निघून गेली होती, म्हणून दोघे बडनेऱ्याला नातेवाइकांकडे मुक्कामाला गेले. जाताना मुलीने पेनड्राइव्ह मागून घेतला, त्यात चारही कागद नव्याने टाकायला लावले आणि शेजारच्या दुसऱ्या संगणकावर लावून एकेक उघडून पाहिला.

वडील म्हणाले, “आता हाये ना त्याच्यात?”

“हाव बाबा,” ती म्हणाली. “बाण नाही.”